तुमच्या सदऱ्यातला माणूस

आप्पा, तुम्ही गेल्यावर तुमचा निळा सदरा बुजगावण्याला मीच घातला. दान म्हणून कोणी घेईना, तेव्हा ज्वारीत उभा केला. एका सकाळी धुक्यात शेतात गेले तर सदरा बांधावरून माझ्याकडे चालत येत होता. मी ओरडायला तोंड उघडले. "ओरडू नको," सदरा म्हणाला. "मला थंडी वाजत होती. लाकडाला थोडीच वाजते?"

तो आपला नवा रखवालदार, अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला. ऊसतोडीला गुजरातेत गेला, बरीच वर्षे परतला नाही, म्हणून पाड्याने त्याचे दिवस घातले. परतला तेव्हा सख्खा भाऊ त्याला पाहून पळाला. माझ्या हातांवर कोड. या हातचे पाणी गावात कोणी घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहेच. "माझ्या हातचा चहा भूतच पिईल," मी म्हणाले. तो प्याला. मग रोजच पिऊ लागला.

आम्हाला लग्न करायचे आहे हे आईला सांगायचे म्हणून त्याला घरी आणले. तुमच्यामागे तिची आठवण सैल झाली आहे. दारात सदरा दिसताच तिने डोक्यावर पदर ओढला. "इतला उशीर? हातपाय धुई ल्या." त्याने माझ्याकडे पाहिले आणि हातपाय धुतले. तेव्हापासून तो तुमच्या पाटावर जेवतो. "मी तुझा बाप झालो," तो कुजबुजतो, "आता नवरा कोण होणार?" मी हसते. आई वळून पाहते, तेव्हा थांबते.

मागच्या आठवड्यात ती त्याला म्हणाली, "पोरनं काही करा. तिन्हा केस पिकी ग्यात."

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "एक शे. डोंगरमधला. लोके त्याले मेला म्हणतस."

"जित्ता राहीसन तरी कोन काय करस?" आई म्हणाली. "तुम्ही म्हणतस तर दी टाका."

अंगणात मी विचारले, इतकी चांगली अहिराणी कधी शिकलास? त्याला आईचे बोलणे आठवत होते. स्वतःचे उत्तर आठवत नव्हते.

ते उत्तर कोणाचे होते, त्याचे की तुमचे, हे मी पुन्हा विचारले नाही. परवा लग्न आहे. आई मांडवात तुमच्यासाठी जागा धरून बसणार. हे पत्र कुठे टाकतात ते माहीत असते तरी टाकले नसते. तुम्ही आलात तर त्याला पाटावरून उठावे लागेल. कालपासून मी दाराला आतून कडी लावते, आप्पा.