तिकडच्या मुलांना पाय आहेत का?

९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मोठ्यांचं बोलणं कागदावरच करायचं, हा तुझा नियम आधी मला जुनाट वाटला होता. आता पटतो. टॅब दिवसभर मुलांच्या हातात असतो, आणि त्यातल्या आपल्या ऑनलाइन भिंतीवर तुझ्यामाझ्या दोन्ही बालवर्गांचे आईबाप वाचत असतात. परवा मी भिंतीवर सहज लिहिलं की आज डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी फाटकाशी तिघींनी मला तीन वेगवेगळे उपाय सांगितले.

ही ऑनलाइन भिंत काढली तेव्हा तू म्हणाली होतीस की दोन आठवड्यांत मुलं कंटाळतील. तुझं भाकीत चुकलं. आमची मुलं सकाळी आल्या आल्या विचारतात की तिकडच्यांनी भिंतीवर काय लावलं. कधी चित्र असतं, कधी कुणाचा आवाज. गुरुवारच्या व्हिडिओ कॉलला तर एकही मूल गैरहजर राहत नाही. तुझ्याकडची ती दोन वेण्यांची मुलगी, जिला सगळे मॅनेजर म्हणतात, तिचा इकडे फार दरारा आहे. कुणी मध्ये बोललं की ती पडद्यातून हात वर करते आणि आमचा वर्ग गप्प होतो. माझ्या हाताने असं कधी होत नाही.

आता गंमत ऐक. आमच्याकडे एक चार वर्षांची वकीलबाई आहे. कुठलीही गोष्ट उलटतपासणीशिवाय मान्य करत नाही. गेल्या गुरुवारी कॉल संपल्यावर तिने विचारलं की तिकडच्या मुलांना पाय आहेत का. मी म्हटलं, असणारच. तिने विचारलं, मी पाहिलेत का. मी आठवून पाहिलं. खरंच पाहिले नव्हते. कॉलच्या वेळी तुझा टॅब नेहमी टेबलावर असतो. आम्हाला दिसतात डोकी, खांदे आणि टेबलाची कड. तेव्हापासून मुलं तुझ्या वर्गाची चित्रं काढतात ती कमरेपर्यंतच. पाठवते आहे त्यातलं एक. उंच तू आहेस.

यावरूनच मला पुढचा उपक्रम सुचला. दोन्ही वर्गांनी आपापली खोली आपल्या पावलांनी मोजायची. पावलांचे ठसे, चालतानाचे फोटो, सगळं भिंतीवर लावायचं. सोमवारी मी तसं भिंतीवर लिहूनही टाकलं. आईबाप खूश आहेत. तुझं मात्र उत्तर नाही. हे काय?

बाबांनी नवा चष्मा केला. आता तो लावून जुना शोधत असतात.

लोभ आहेच, त्यात पाऊलभर भर घाल.
तुझी,
टिटवी


१४ जानेवारी

चि. टिटवी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं हे नाव मी उगीच ठेवलं नाही. आधी ओरडायचं, मग खाली वाकून बघायचं. भिंतीवर लिहिण्याआधी मला एक ओळ लिहिली असतीस तर बरं झालं असतं.

तुझा मजकूर मी वाचला. माझ्याआधी मॅनेजरच्या आईने वाचला.

मॅनेजर चाकांच्या खुर्चीत बसते. तिचे पाय आहेत, पण ते चालत नाहीत. तुला हे माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते ऐक. आमच्याकडे येण्याआधी ती दुसऱ्या एका बालवर्गात जात होती. तिथल्या बाईंनी पालकांच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. त्यात तिने ठोकळ्यांचा बोगदा बांधला होता, स्वतःच्या उंचीचा. खाली ओळीने जोडलेले हात आले, आणि बिचारी, आणि किती धीराची. बोगद्याबद्दल कुणी एक शब्द लिहिला नाही. तिच्या आईने दुसऱ्या दिवसापासून तिला घरी ठेवलं. आमच्याकडे पाठवताना तिने एकच अट घातली. खुर्ची पडद्यावर दिसता कामा नये. आई दवाखान्यात एक्स-रे काढते. फार बोलत नाही. बोलते ते एकदाच बोलते.

टॅब टेबलावर होताच. पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकून नीट उभा राहायचा. अट आल्यावर मी तो हलवला नाही, एवढंच. मग तीच त्याची जागा ठरली. टेबलामागे सगळी मुलं सारखीच दिसतात. आणि त्या सारखेपणात ही मुलगी मॅनेजर झाली. वर्गात ती इतकी बोलत नसे. पडद्यासमोर बसली की हुकूम सोडायची. हळूहळू पडदा बंद असतानाही सोडू लागली. आता शेजारच्या छापखान्यातला कामगारसुद्धा तिला विचारून यंत्र सुरू करतो. आवाजाने आमची गाणी बुडतात म्हणून.

मंगळवारी तिची आई फोन हातात घेऊन आली. शांतपणे म्हणाली की बाई, पावलांचं ठरलं असेल तर तसं सांगा, माझी मुलगी येणार नाही. मी म्हटलं, थोडा वेळ द्या. पुढच्या गुरुवारपर्यंत थांबते म्हणाली. त्या दिवशी तिला सुट्टी आहे, स्वतः येऊन बसेल. काही वावगं दिसलं तर मुलीचं दप्तर उचलून नेईल.

त्या गुरुवारच्या आत तो मजकूर काढ. दुसरं काहीतरी सुचव. मुलं ऐकतील असं.

चित्र तू काढलेलं नाहीस हे ठाऊक आहे, तरी त्यातलं माझं नाक बरोबर आहे.

राग धरू नकोस, मीही धरलेला नाही. लोभ तेवढा धर.
तुझी,
आत्या


१९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून तोंडात मारल्यासारखी बसले. मजकूर लगेच काढला. तासाभरात चार आईबापांनी विचारलं, का काढला. मी लिहिलं की पावलांऐवजी वितींनी मोजू या, टेबलं, बाकं, पुस्तकं. कारण दिलं नाही. खरं कारण माझं नव्हतं, आणि खोटं वेळेवर सुचलं नाही.

पण भिंतीवरचं पुसता येतं, मुलांच्या डोक्यातलं कसं पुसणार? त्यांनी घरून वर्तमानपत्रावर पावलं आखून आणली आहेत. आणि मूळ प्रश्न तर रोज वाढतोच आहे. एकाचं म्हणणं, तुमची मुलं तिकीट खिडकीतल्या माणसासारखी आहेत. तो माणूसही खिडकीएवढाच असतो. एकीला वाटतं की खाली पाणी आहे आणि सगळे त्यात उभे आहेत. वकीलबाईंचं मत सर्वांत ठाम. पाय आहेत, पण ते पाय बाहेर ठेवून आत येतात, आपण चपला ठेवतो तसे. मी हसले तर तिने विचारलं, मग चपला कशाला बाहेर ठेवायच्या?

आत्या, एक विचारू? तू म्हणशील आधी कान पकड, मग विचार. पकडला. आईने अट घातली, तू पाळलीस, मी मोडायला निघाले. या सगळ्यात मॅनेजरला कुणी काही विचारलं का? जी मुलगी छापखाना थांबवते, तिला आपण टेबलामागे लपवतोय हे माहीत आहे का? मला उत्तर माहीत नाही. खरंच माहीत नाही, म्हणून विचारते. आईचं दुखणं मला समजतं. मी तिच्या जागी असते तर फोनच विहिरीत टाकला असता.

गुरुवारी मी वितींचाच विषय काढेन. वकीलबाईंना मागच्या रांगेत बसवेन. त्यांच्या तोंडाला मात्र मागची पुढची रांग नसते, हे आधीच सांगते.

काय होतं ते सविस्तर कळव. तुझ्या बाजूने आम्हाला नेहमी अर्धंच दिसतं.

लोभात खंड नको.
तुझी,
टिटवी


२५ जानेवारी

चि. टिटवी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला अर्धं दिसलं ते तू पाहिलंसच. उरलेलं सांगते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तिला कुणी विचारलं नव्हतं. मी विचारणार होते. बुधवारी दोनदा तिच्याजवळ गेले आणि दोनदा तिच्या पेन्सिलीला टोक काढून दिलं.

गुरुवारी आई दाराशी स्टुलावर बसली. मांडीवर मुलीचं दप्तर. कॉल लागला, तू वीत म्हणालीस, आणि मागच्या रांगेतून प्रश्न आला. तुम्हाला पाय आहेत का? तुझा चेहरा मी पाहिला. माझा तुला दिसला नसावा, मी मान वळवली होती.

आमची मुलं खदखदून हसली. मॅनेजर हसली नाही. तिने हात वर केला, दोन्ही वर्ग गप्प झाले. मग ती म्हणाली की आहेत, थांबा, दाखवते. मला म्हणाली, बाई, टॅब खाली द्या. मी म्हटलं, वायर पुरणार नाही. ती म्हणाली, मग वायर काढा. मी तिच्या आईकडे पाहिलं. आई वायरीकडे पाहत होती. मग उठली आणि तिनेच वायर काढली.

पुढचं तुम्ही तिच्या मांडीवरून पाहिलंत. ती एकेकाच्या पायांपाशी खुर्ची नेत होती आणि माहिती देत होती. हे फाटलेल्या मोज्यातले. हे उलटे बूट. हे सारखे हलतात. शेवटी टॅब खाली वाकवून म्हणाली, हे माझे, हे इथे बसतात, चालायचं काम चाकं करतात. तुमच्याकडून आता काय येईल याचीच मला सगळ्यात धास्ती होती. वकीलबाईंनी विचारलं, मग तू खोली कशाने मोजणार?

मॅनेजरला हे माहीत नव्हतं. तिने कधी विचार केला नव्हता. मी तिला असं अडलेलं पहिल्यांदाच पाहिलं. खालचा ओठ पुढे काढून ती चाकाकडे बघत राहिली. मग ओला खडू मागितला, चाकावर एका जागी जाड फासला आणि भिंतीपासून निघाली. प्रत्येक फेऱ्याला जमिनीवर एक पांढरा ठिपका. मुलं ठिपके मोजत मागून. वाटेत बसकरं आली. दप्तर दाराशी ठेवून आई खाली वाकली आणि ती बाजूला करू लागली.

पुढचा घोळ तुला ठाऊक आहे. तुमची पावलं मोठी की आमचा फेरा मोठा, यावरून भांडण. तुमच्या कुणीतरी पाऊल पडद्याला लावलं. आमची मुलं ओरडली, हत्ती! मग मॅनेजरने चाक कॅमेऱ्याजवळ नेलं, तर तुम्हाला नुसतं काळं दिसलं. लांबी या पडद्यातून जात नाही, हे मला इतकी वर्षं शिकवून कळलं नव्हतं. आई म्हणाली की एक्स-रेतही हाच घोळ असतो, वस्तू पुढेमागे झाली की मोठी दिसते. मग तिनेच सुचवलं की दोरी पाठवू.

सोबत दोरी आहे. चाकाभोवती एकदा गुंडाळून कापली आहे. मॅनेजरने धरली, आईने कापली. हा एक फेरा. मुलांना सांग, ओढून ताणायची नाही.

दप्तर संध्याकाळपर्यंत दाराशीच होतं. घरी गेलं ते नेहमीसारखं मुलीच्या पाठीशी, खुर्चीला अडकवून. दुसऱ्या दिवशी परत आलं.

टॅब कुठे ठेवायचा ते आता मला ठरवता येत नाही. विचारावं लागतं.

दोरीएवढा तरी लोभ ठेव.
तुझी,
आत्या


२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दोरी आली. पाकीट मुलांसमोरच उघडलं. इतके दिवस तिकडून चित्रं आली, आवाज आले. हाताला लागेल असं हे पहिलंच. प्रत्येकाने ती धरून पाहिली. एकाने वास घेतला. म्हणाला, रबराचा येतो.

एका फेऱ्यात वकीलबाईंची अकरा पावलं बसतात आणि थोडी जागा उरते. उरलेल्या जागेचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. आता सगळ्यांना चाक हवंय. तीनचाकी सायकल, खेळण्यातला ट्रक, एकाने आजीची बाजाराची पिशवी चाकांसकट आणली. प्रत्येक चाकाचा फेरा वेगळा का, हे मॅनेजरला विचारायचं ठरलंय. मला कुणी विचारलं नाही.

काल मी हे सगळं भिंतीवर लावलं. तुझ्याकडून आलेला फोटोही, ठिपक्यांच्या ओळीचा. त्यात खुर्चीचं अर्धं चाक आहे. तू विचारून पाठवला असशील, तरी लावण्याआधी तुझं पत्र पुन्हा वाचून घेतलं. खाली आईबाप लिहू लागले. ठिपके वाकडे का गेले, असं एकाने विचारलं. आत्या, कुणी हात जोडले नाहीत. मग मॅनेजरच्या आईने लिहिलं. भिंतीवरची तिची पहिली ओळ. तू वाचली असशील, तरी लिहिते.

दोरी उजव्या चाकाची आहे. डाव्यात हवा कमी होती, म्हणून ठिपके वाकडे. आज भरली.

एक तक्रार मात्र उरली आहे. वकीलबाईंचं म्हणणं, तिकडे सगळ्यांना पाय आहेत आणि एकीला वर चाकंही आहेत, हे सिद्ध झालं. पण त्या दिवशी टॅब सगळीकडे फिरला आणि तिकडच्या बाई कुठेच दिसल्या नाहीत. मी खात्री दिली की आहेत, मी लहानपणापासून पाहत आलेय. तिला पुरावा हवाय.

सुट्टीत ये. चालत ये.

लोभ आहेच, पुरावा घेऊन ये.
तुझी,
टिटवी