तो आता आपल्या पार्टीत आहे

नाही बाबा, त्याले दारातून हाकललं नाही मी. काहून हाकलू? म्हातारा माणूस, भर दुपारी तात्यापारा मोहल्ल्यात माझ्या घरचा जिना चढून आला, घामानं भिजलेला, अन् गळ्यात तुमच्याच पार्टीचा गमछा. बसा म्हटलं.

तुम्हाले जाऊन किती वर्षं झाली, तुम्हाले कोण सांगेल, म्हणून लिहून राहिली. आपलं वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली. तवापासून विधानसभेत कोणाचे किती, हे घडीघडी बदलून राहिलं. इथला विधायक त्या दुसऱ्या पार्टीचा. सकाळी तिकडं होता, संध्याकाळी तुमच्या पार्टीत. पाच वर्षं पुरी व्हायच्या आधीच सीट सोडली, अन् उपचुनावात नवा झेंडा घेऊन तोच पुन्हा उभा. त्याच्यामागं त्याचे सारे लोक इकडं आले. त्यात हा.

हा म्हणजे ज्याच्याशी माझी सुपारी फुटणार होती, तो. त्या दिवशी मी सैपाकघरात पुरण वाटून राहिली, आई पाहुण्यांसाठी पाट मांडून राहिली, अन् तुम्ही रेल्वेच्या ड्युटीवरून खाकी कपड्यातच येता. पोराचा बाप त्या पार्टीचा प्रचार करते, असं ऑफिसात कोणीतरी तुम्हाले सांगितलेलं. "त्या झेंड्याच्या घरी माझी पोट्टी जाणार नाही. पुरण गाईले घाल." आई म्हणते, "अहो, पोरगा चांगला आहे." तुम्ही म्हणता, "पोरगा बदलते. पार्टी नाही बदलत."

मंग तुम्ही पाहिलं त्या घरी गेली. माणूस चांगला होता, संसार चांगला झाला. तक्रार नाही.

तर हा बसला, पाणी पेला, पर्चा काढून म्हणते, "ध्यान ठेवा बाई, आता आपण एकाच पार्टीचे."

"हव का? मंग तवा भांडण कायचं होतं?"

हसला. "तुमच्या बाबाले विचारा."

"ते गेले."

"माझेही गेले."

आतून नात विचारते, "नानी, कौन आया है?" मी म्हटलं, "वोटवाले आहेत." तो उठला, कठडा धरूधरू खाली उतरला. मले त्याचा राग नाही आला बाबा. तुमचा आला.

तुम्ही गेल्यावरही दर चुनावात तुमच्याच निशाणीवर मत देत आली. पार्टी काय असते, मले कधी समजलं नाही. ज्याच्यापायी माझी सुपारी मोडली ते काहीतरी पक्कं असेल, एवढं धरून चालली होती. ते तर एका दिवसात इकडचं तिकडं होते.

काल मतदान होतं. गेली, रांगेत उभी राहिली, बटन दाबलं. पहिल्यांदाच तुम्हाले आठवून नाही दाबलं. कोणतं दाबलं? नाही सांगत. हे पत्र काही कुठं टाकायचं नाही, पण तुम्ही समोर बसून विचारलं असतं, तरी सांगितलं नसतं.