चौथ्या ट्रम्पेटचा कागद

प्रिय बाबा,

पत्र कशाला, फोन करायचास, असं तू म्हणणारच. पण फोनवर तू दोनदा 'बरं, बरं' म्हणतोस आणि फोन आईच्या हातात देतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

बातमी अशी, की माझी रचना निवडली गेली! सतरा वादकांच्या बिग बँडसाठी लिहिलेली माझी पहिलीच. रविवारी सकाळी दहाला कार्यशाळेत बँड ती वाजवून बघणार. तालीम नाही, कागद आधी कुणी पाहिलेला नाही आणि वेळ फक्त वीस मिनिटं. तिथले संचालक समोर घड्याळच मांडून बसतात, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणतात. एका कागदात जरी गोंधळ निघाला तरी तो निस्तरण्यातच वेळ संपतो आणि आपली रचना न ऐकताच घरी यावं लागतं. त्यामुळे तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं आहे. तुझ्या जावईबापूंनी हौसेनं ट्रॉम्बोनची पानं चिकटवून दिली, त्यातलं एक उलटं. वर म्हणतात, आधुनिक संगीत आहे ना, खपून जाईल.

मग तुझ्या मित्राकडे, ट्रम्पेटवाल्या मास्तरांकडे, सगळे कागद घेऊन गेले. शाबासकी मिळणार म्हणून मी ऐटीत बसले होते. त्यांनी पहिलं पान बघितलं, चष्मा काढला आणि पोट धरून हसायला लागले. ट्रम्पेटला मी चार-चार मात्रांचे सलग एकोणीस बार लिहिले होते, मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही! बँडबरोबर एक डॉक्टरही बसव, म्हणाले. मी पडले पियानोवाली, बोटांना कुठे दम लागतो? पण ट्रम्पेटवाल्याच्या पोरीनं ही चूक करावी! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताना तुझा जिना आठवला. लहानपणी मी एखादी चाल बांधली की तू मला ती गात जिना चढायला लावायचास. दम न लागता वर पोचले तर चाल पास, नाहीतर परत पियानोसमोर. तेव्हा तुझा भयंकर राग यायचा. या वेळी मात्र सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन असे फुंकणाऱ्यांचे तेराच्या तेरा कागद गात मी आमचे चार मजले चढले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून, आज कोणतं वाद्य, असं विचारलं. त्यांना सॅक्सोफोन जास्त आवडतो म्हणे. जिथे दम लागला तिथे मी जागा सोडत गेले आणि गंमत बघ, चाल खुलत गेली. मी फार खुशीत आहे, बाबा.

आता मुद्द्याचं बोलते. चौथ्या ट्रम्पेटवाल्याचा पुढचा दात पडला, तो येणार नाही. रिकाम्या खुर्चीवर कुणाला बसवायचं ते जिची रचना तिनंच ठरवायचं, असा तिथला नियम आहे. मास्तरांनी तिघांची नावं सुचवली. मी तिघांनाही नको म्हटलं.

फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर ट्रम्पेट कायमचं सुटलं, असं तू सगळ्यांना सांगतोस. आईनं तुझं बिंग फोडलंय. ती बाजारात गेली की तू माळ्यावरची ट्रम्पेटची पेटी खाली काढतोस. गेल्या गुरुवारी ती गेलीच नव्हती. दाराबाहेर फोन धरून उभी होती आणि इकडे मी ऐकत होते. तू दोन बार वाजवायचास, थांबायचास, पुन्हा दोन बार. सूर अगदी पूर्वीचाच आहे. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि रडता रडता बार मोजले.

सोबत चौथ्या ट्रम्पेटचा कागद पाठवते आहे. जिन्यावर दम लागला तिथे केलेल्या माझ्या आधीच्या सगळ्या खुणा मी खोडल्या. आता दर दोन बारांनंतर लाल पेन्सिलीनं श्वासाची खूण आहे, आणि ती एकट्या तुझ्या कागदावर नाही, तेराही कागदांवर त्याच जागी आहे. मधली जागा ड्रमवाला भरून काढेल. तू थांबशील तेव्हा सगळेच तुझ्याबरोबर श्वास घेतील. पेटी घेऊन दहाला ये. हॉल तळमजल्यावर आहे, जिना चढायचा नाही.

तुझीच,
जिन्यावरची गायिका