सरळ सुटणारा अणू

१२ जानेवारी
एटापल्लीच्या पुढं जंगलात एका कॉलेजचं आकाश-केंद्र आहे, तिथं रखवालदार लागलो. एकदम झकास! मी वरोऱ्याचा, दहावी नापास, आजवर सात गावं फिरलो, कुठी टिकलो नाई. इथं सागाची सावली अन् सोबतीला जुना रखवालदार लालसूभाऊ. पोचताच त्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा मागितला. आपल्याकडं खर्ऱ्याला नाई कोण म्हणते? पुडी पुढं केली. चिमूटभर घेतला अन् चक्क रडला.

१३ जानेवारी
काम सोपं. पडद्यावर उपग्रहाकडून नकाशा येतो, त्याची नोंद ठेवायची. भाऊनं समजावलं: सूर्याचा वारा सगळ्या ग्रहांच्या पार जातो, शेवटी बाहेरच्या थंड वायूला भिडतो. त्या सीमेवर वाऱ्यातला विद्युतभारित कण एखाद्या शांत अणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो— मध्येच खिडकीत शेकरू दिसलं, बघत बसलो— हां, तर ओढून घेतो अन् उदासीन होतो. मग कोणतंच चुंबक त्याला वळवत नाही. सरळ सुटतो. त्यातले काही इथवर येतात, त्यांचाच हा नकाशा.
ज्याचा इलेक्ट्रॉन लुटला त्या अणूचं काय होते, विचारलं.
"त्याले चुंबक धरते, बापू. गोल गोल फिरवते."
सात वर्षं भाऊ इथून हलला नव्हता म्हणे. दुपारी निघाला. मागं वळून पाह्यलं नाई.

१५ जानेवारी
आलापल्लीला निघालो. सरळ डांबरी रस्ता. दोन तासांनी समोर केंद्राचंच फाटक. चुकलो असेन.

१७ जानेवारी
नाल्याकाठानं गेलो. फाटक. बस धरली, डोळे टक्क उघडे ठेवले. उतरलो— फाटक.

२० जानेवारी
लालसूला फोन लावला. घरी पोचलाय, बायकोजवळ. म्हणाला, त्याच्याकडूनही आधीच्या रखवालदारानं असंच पाणी मागून घेतलं होतं. कोणी खुशीनं दिलेलं घे, तू सुटशील, तो अडकेल. माफ कर म्हणाला. आता फोन बंद.

२८ जानेवारी
सगळ्या दोस्तांना बोलावलं. कोणी येत नाई. धाकटी बहीण पिंकी म्हणाली, मी येते दादा. नको म्हणणार होतो.
रस्ता सांगितला.

२ फेब्रुवारी
आली. एकटीच. बारावी सायन्सला आहे, पडदा पाहून खूश— करमेल तिला इथं. करमेल ना—
किती वाळला, म्हणते. डबा उघडलाय. आईनं—
नाई घेणार. लिहीत राहतो, म्हणजे हात गुंतलेले—
पिंकी म्हणते, ती वही ठेव अन् आधी घास घे—