पाटीचं कुलूप

६ ऑगस्ट २०००

झालं! कुलूप बसलं! सकाळपासून मीच फोडून पाहून राहिलो, नाही फुटलं. आता पाटीवर कोणी कोणाले खाजगी पत्र टाकलं तर त्या दोघायलेच दिसणार. पाटीच्या मालकालेही नाही.

मालक म्हणजे विनोद. कारध्याले त्याच्या घरी फोन, फोनले मोडेम, मोडेमले कॉम्प्युटर. लोक आपापल्या गावातून आपल्या कॉम्प्युटरवरून फोन लावतात, पाटीवरचं वाचतात, आपलं लिहितात, उठतात. मग दुसऱ्याचा नंबर. लाइन एकच ना! मशीन त्याचं, सॉफ्टवेअर माझं. शाळेत एका बाकावर बसलो, तेव्हापासूनची जोडी.

बायको कौशल्या हसते. "ज्याच्या घरी फोन नाही त्यानं फोनचं सॉफ्टवेअर बनवावं! मोहाडीतच होते बाप्पा असं." खरं आहे. फोनचा अर्ज कधीचा पडून आहे. लुगड्याच्या दुकानामागच्या खोलीत मीच मालक अन् मीच सभासद बनून पाहतो.

९ ऑगस्ट

विनोदची नोकरी मोहाडीत. म्हणून फ्लॉपी टपरीवर, चहासोबत द्यायची, हे ठरलेलं. तो घरी नेऊन मशीनवर चढवते, अन् लोक काय म्हणाले ते पुढच्या खेपेला सांगते. आज कुलुपाचं सांगितलं तर तोंड वाकडं!

"मालक मी, अन् मलेच दिसू नाही?"

"नाही."

"कोणी आलतू-फालतू लिहिलं तर?"

"ज्याले आलं तो ओरडन. मग पाह्य."

"बरं बे, लावतो."

मालकाची सोय कमी पाहिली काय मी? एक बटण दाबलं की जुनी पत्रं साफ. कोण आला, कोण अडून बसला, समोर दिसते. अन् सभासदाची लाइन मधातच कटली तर त्याचं अर्धं पत्र जसंच्या तसं राहते — परत आला की तिथूनच लिही. दोघायचाही विचार केला. पण पत्र म्हणजे पत्र. पोस्टमन फोडून वाचते काय?

१३ ऑगस्ट

बसस्टँडवर मनालीताई भेटल्या. सिहोऱ्याच्या शाळेत शिकवतात, शाळेच्या कॉम्प्युटरवरून पाटीवर येतात. नवरा विनोदचा मावसभाऊ. सोडून आल्या त्याले, कोर्टात केस चालू आहे, पोरगी कोणाकडे राहीन त्याची. भाऊ नागपूरले, वकिलासोबत तोच बोलते. त्याले सगळं पाटीवरून लिहिता आलं तर बरं, म्हणत होत्या.

"पण टेकचंदभाऊ, पाटीवाला तर माझ्या सासरचा माणूस."

मी म्हटलं, "ताई, कुलूप माझं आहे. खुद्द विनोदले नाही उघडत. माझा शब्द."

त्यायच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला. खोटं कायले बोलू — छाती फुगली माझी. प्रोग्राम लिहून कोणाचं असं भलं होते, हे पहिल्यांदाच पाह्यलं.

२० ऑगस्ट

विनोद म्हणे, "लावलं. लोक खुश आहेत. कुलूप तर एक नंबर!"

जिलेबी आणली घरी.

३० ऑगस्ट

काल पोळा. आज तान्हा पोळा, पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारोदार. मी मात्र नवीन मदत-पान लिहून राहिलो. नवीन माणूस आला की त्याले "काय करू?" असं वाटू नाही. सिहोऱ्याचे गुलाबभाऊ धानाचे भाव टाकतात, पण दर वेळी चुकीच्या खान्यात. माणूस चुकत नाही, आपलं खानं चुकीच्या जागी आहे. हलवलं. विनोदले फ्लॉपी दिली. "मस्त," म्हणे.

३ सप्टेंबर

गोंदियाचा अंकुश आला होता. तिकडं स्वतःची पाटी सुरू करायची म्हणते. "भाऊ, जिल्हा वेगळा झाला, पाटी काहून एक?" हसून हसून पोट दुखलं! पण सॉफ्टवेअर माझंच पाहिजे म्हणे त्याले. आधी कारध्याले जाऊन चालतं पाहतो, मग नेतो, म्हणे.

माझं सॉफ्टवेअर गोंदियाले! बाबा हातमागावर आयुष्यभर बसले, त्यायचं पातळ नागपूरच्या पलीकडं गेलं की असेच खुश व्हायचे.

५ सप्टेंबर

अंकुश परत जाताना दुकानात थांबला. खिशातून फ्लॉपी काढली. "घेतलं भाऊ. रंगीत आहे, मस्त आहे."

माझ्यात रंग नाहीत.

"विनोदभाऊनं दिलं. नागपूरहून आणलं म्हणे. तेच तर चालू आहे त्याच्याकडं. तुमचं कधी चढवलंच नाही ना त्यानं यंदा. मले वाटलं तुमाले माहीत असन."

गिऱ्हाईक बसलं होतं समोर. त्याले पातळ दाखवायचं सोडून धोतरजोडी समोर ठेवली मी.

६ सप्टेंबर

कारध्याले गेलो. पुलावरून चालतच. नदी भरून चालली होती, पाहायचं मन नव्हतं.

विनोदची आई, बायजाबाई, दारातच. "ये टेकू, किती दिवसानं! पोहे खाजो." त्या माउलीसमोर काय भांडू? आत गेलो. स्क्रीनवर लाल-निळं झगमग, गेमची यादी, अन् ड्रॅगन! कारध्यात ड्रॅगन!

"माझं कुठं आहे?"

"बस तर आधी."

"माझं कुठं आहे बे?"

"लोकायले रंग पाहिजे, टेक्या. तुझं हळू चालते. लोक कंटाळले."

"मग मले सांगायचं ना!"

"तुले वाईट वाटलं असतं."

वाईट! अन् आता काय बरं वाटून राहिलं? टेबलावर माझ्या फ्लॉप्या पडल्या होत्या. माझ्या हातानं लिहिलेलं "मदत-पान" खोडून त्यावर "गेम २" लिहिलं होतं. माझंच पुसून त्यात खेळ भरले! टपरीवर दर खेपेला "मस्त" म्हणत होता, ते कशाले मस्त म्हणत होता?

शेवटी मनालीताईच्या पत्रांचं विचारलं. हे पहिलं विचारायले पाहिजे होतं. पण मी माझ्याच रडण्यात!

"यातही कुलूप आहे," म्हणे. यादी दाखवली — 'खाजगी' असं खानं आहे खरं. "आईची शपथ, मी नाही वाचत. बायाची पत्रं वाचाले काय रिकामा आहो मी?"

आई आतून पोहे घेऊन येत होती. खाल्ले.

७ सप्टेंबर

भरवशाच्या म्हशीले टोणगा.

१० सप्टेंबर

कौशल्या म्हणते, "भांडा तरी! असे घुम्यासारखे काय बसता?" कोणाशी भांडू? चोरी केली असती तर भांडलो असतो. यानं तर नुसतं नाही लावलं. अन् समजा खरंच हळू असलं तर? मी कधी फोनवरून पाह्यलंच कुठं? माझ्या खोलीत सभासदही मी अन् मालकही मीच. मीच मले शाबासकी देत होतो.

मशीनवर चादर टाकली.

१७ सप्टेंबर

टपरी टाळतो. आज बाजारात विनोद समोरूनच आला. "राग गेला का?" म्हणे, खांद्यावर हात. मी हात झटकला नाही. याचाच जास्त राग येऊन राहिला — माझा मलेच.

२६ सप्टेंबर

फोन आला! म्हणजे फोनचा डबाच आला — लाइनमन येऊन जोडून गेला. कौशल्यानं हळद-कुंकू वाह्यलं. पहिला फोन माहेरी लावला तिनं, हावरटासारखी बोलली!

मग अंकुशकडून जुनं मोडेम मागवलं. उद्या येईन.

२७ सप्टेंबर

आज पहिल्यांदा पाटीवर गेलो, सभासद म्हणून. दोनदा लाइन कटली, अर्धं लिहिलेलं पत्र दोन्ही वेळा गेलं. ड्रॅगन येते ते वेगळंच, तो पुरा उतरेपर्यंत चहा होते! अन् माझं हळू म्हणे!

तिसऱ्या खेपेला मनालीताईले खाजगी पत्र टाकलं. लिहिलं की, "ताई, पाटीवर आता माझं सॉफ्टवेअर नाही, दुसरं आहे, हे तुमाले सांगणं माझं काम. पण यातही कुलूप आहे, विनोदनं आईची शपथ घेतली. बिनधास्त लिहा. अन् एक खरं सांगा, माझं आधीचं, कुलुपाच्याही आधीचं, खरंच वाईट होतं काय?"

गुलाबभाऊ बाजारात सांगत होते, सिहोऱ्याचे सगळे फोन मेलेले आहेत, केबल तुटली. सुरू झाले की वाचतील ताई. उत्तराची घाई नाही. पण या पत्राचं कोणालेच सांगितलं नाही, कौशल्यालेही नाही — आधीच हसते मले.

२८ सप्टेंबर

सकाळी दुकान उघडलं तर विनोद पायरीवर. हसतच. "काय बे टेक्या, तुझं वाईट होतं काय, हे त्या मनालीले काहून पुसतं? मले पुस ना!"

चहा पाजला त्याले. त्याले कळलंही नाही तो काय बोलून गेला.

तो गेला अन् शाळेच्या ऑफिसातला दुसरा फोन लावला. शिपायानं उचलला. लाइन काल संध्याकाळीच सुरू झाली, म्हणे, अन् मॅडम सकाळपासून कॉम्प्युटरवर बसून भावाले लिहून राहिल्या.