दांड्याच्या टोकाची डहाळी

प्रिय हर्मिनाताई,

इग्नाझचा साष्टांग नमस्कार. तुझ्या मागच्या पत्रात ‘तुला एकट्याला काय जमणार आहे’ असं वाक्य आहे (पान दुसरं, वरून चौथी ओळ), म्हणून आधी या दोन हातांनी काय काय केलं ते लिहितो. स्वयंपाकघरातल्या सहा खुर्च्या. गावाबाहेरच्या आपल्या वाइनच्या तळघराचं ओकचं दार, एकही खिळा न मारता. न्हाणीघरातला आधाराचा दांडा, जमिनीपासून चौऱ्याऐंशी सेंटिमीटरवर, कारण बाबांचं मनगट तिथे येतं. तीन मेलेल्या गाड्यांची मिळून केलेली एक जिवंत गाडी, जिच्यात इंधनाचा नळ प्रवाशाच्या गुडघ्याशी आहे (तो तिथेच का, हे मी तुला नाताळात समजावलं होतं, तू झोपलीस). गेल्या वर्षीची फेल्टलिनर वाइन, सहाशे चाळीस लिटर. आणि आईची अक्रोडाची शवपेटी, जी आखूड झाली असं तू दफनभूमीत कुजबुजलीस. आखूड नव्हती. पायाशी चार सेंटिमीटर उरले होते. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही, बाबांनी तर नाहीच.

तुझा गुडघा आता कसा आहे? राइनहोल्डभावजींचा खोकला ग्राट्सच्या धुक्यात वाढला नसेल अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक. बाबाही ठीक आहेत, आणि पत्राचा विषय तोच आहे.

तू ठरवलंस की एक नोव्हेंबरला बाबांना तुमच्याकडच्या वृद्धाश्रमात न्यायचं आणि तळघर विकून तिथला खर्च भागवायचा. तुझं कारण, आई गेल्यापासून दीड वर्षात ते बोललेले नाहीत, आपण कुठे आहोत हेही त्यांना कळत नाही. खोटं कशाला लिहू, मलाही तसंच वाटत होतं. दीड वर्षात त्यांच्या तोंडून ‘हो’, ‘नको’ आणि ‘मीठ’ हे तीनच शब्द मी ऐकले होते. मी त्यांच्या प्रवासाच्या पेटीला नवं कुलूपही बसवून ठेवलं होतं.

आता रविवारचं ऐक. द्राक्षं पिळायच्या जुन्या घाण्याला मी नवा दांडा केला होता, अ‍ॅश लाकडाचा, तीन मीटर चाळीस. तो तळघरात नेऊन ठेवायचा, एवढंच काम होतं. अंतर एकोणीसशे मीटर. दांडा गाडीच्या मागे एक मीटर वीस बाहेर येत होता, आणि एक मीटरच्या वर सामान बाहेर आलं की टोकाला खूण बांधावी लागते. लाल फडकं होतं, पण त्याला ग्रीस लागलेलं. मळक्या फडक्याने मी खूण करत नाही, म्हणून ते धुवायला आत गेलो. चार मिनिटं लागली. बाहेर येऊन बघतो तर बाबा रविवारचा कोट घालून गाडीत बसलेले, आणि दांड्याच्या टोकाला पाइनची ताजी डहाळी, आईच्या एप्रनच्या नाडीने बांधलेली. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्याला रहदारीचे नियम आठवतात. (तू म्हणशील, छप्पन्न वर्षं या मुलखात काढून दांड्यावरच्या पाइनच्या डहाळीचा अर्थ तुला कळू नये? ताई, ज्या दारावर डहाळी टांगलेली त्या घरी आज वाइन मिळते, हे मला कळतं. पण डहाळी दारावर असते. गाडीच्या शेपटीवर मी ती कधी पाहिली नव्हती. शिवाय माझं लक्ष त्या एक मीटर वीसवर होतं.)

चर्चपाशी तळघरांच्या गल्लीला उजवीकडे वळायचं. तिथे बाबा म्हणाले, “डावीकडे.”

हा चौथा शब्द. दीड वर्षांनी चौथा शब्द बोललेल्या माणसाला रस्ता चुकतोय असं सांगायची माझी छाती झाली नाही. मी डावीकडे वळलो. पुढच्या फाट्यावर पुन्हा डावीकडे. अशी आमची सहल सुरू झाली, डबा न घेता, मी कामाच्या कपड्यांत. तोडणी निम्मी उरकली होती, मळे पिवळे पडायला लागले होते, आणि बाबा प्रत्येक मळ्याकडे असे बघत होते जणू त्याच्या मालकाला काही सुनवायचं राहून गेलंय.

पहिल्या गावात रेडिएटरला पाणी घालायला थांबलो (गळत नाही, मी घालतो). दोन म्हातारे बाकावरून उठून आले.

“श्टाडलर, आज काय ठेवलंयस? भाजलेलं डुक्कर, की नुसता पाव नि चरबी?”

“काही नाही. दांडा आहे,” मी म्हणालो.

“दांडा चावायला दात कुठायत आम्हाला?” असं म्हणून एकाने ट्रॅक्टर सुरू केला आणि दुसरा चाकावरच्या पत्र्यावर बसला. दुसऱ्या गावाबाहेर व्हिएन्नाचे सात सायकलवाले भेटले. त्यांच्यातल्या एका लांब मानेच्या माणसाने विचारलं, “अजून किती लांब?” बाबांनी पुढे बोट दाखवलं. मला वाटलं रस्ता विचारतोय. तिसऱ्या गावात पाव विकणाऱ्या रोसविता क्योल्बलची व्हॅन मागे लागली. एवढी सगळी वरात मला ओलांडून का जात नाही हे मला कळेना. मी सभ्यपणे कडेला घेऊन हात करायचो, पुढे व्हा. मी थांबलो की तेही थांबायचे. एकदा तर सगळ्यांनी मलाच हात केला.

एवढ्या वेळा डावीकडे वळल्यावर माणूस उजवीकडून परत येतो. दीड वाजता आम्ही आपल्याच तळघरांच्या गल्लीत मागच्या बाजूने शिरलो, आणि आपल्या दारासमोर, अगदी ओकच्या दारासमोर, गाडी बंद पडली.

ताई, ही गाडी एकेचाळीस हजार किलोमीटरांत एकदाही बंद पडलेली नाही. माझ्याकडे नोंदी आहेत. मी लगेच खाली शिरलो. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. आधी बुटांचे आवाज. मग दगड सरकल्याचा आवाज (किल्ली अजून त्याच दगडाखाली असते). मग बाकं ओढली गेली. मग रोसविता म्हणाली, “अहो श्टाडलरकाका, बारा वर्षं गिऱ्हाइकांना दार बंद! आम्हाला वाटलं, पिंपात तुम्हीच मुरताय!”

आणि बाबा म्हणाले, “मी मुरलेलोच आहे. बस. आधी पाय पूस.”

मी चाळीसपर्यंत शब्द मोजले, मग मोजणं सोडलं. त्यांनी कुणी कुठे बसायचं ते सांगितलं. सायकलवाल्यांच्या टोप्या काढायला लावल्या. रोसविताच्या व्हॅनमधला पाव आणि चरबी मागवली, कांदा कसा चिरायचा यावर तिच्याशी भांडले. पेले भरले गेले, लिटरचा आठवा हिस्सा, थेंबही न सांडता (हे मला आवाजावरून कळतं). मग कुणीतरी विचारलं, वाइन कुणाची?

“माझ्या पोराची,” बाबा म्हणाले. “त्याला कुणी शिकवलं नाही. मीच शिकवायला हवं होतं. पण तो विचारायचा नाही आणि मी सांगायचो नाही.” पेला बाकावर टेकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “गाळायची जरा घाई केलीय.”

मी आणखी वीस मिनिटं गाडीखाली राहिलो. तिथे तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा पंचायतीतला ओटोकारही आला होता. त्याने तीन पेले घेतले, चौथा हातात धरून मग सरकारी आवाजात म्हणाला, “इग्नाझ, न कळवता दुकान उघडलंस, हे कायद्याने बरोबर नाही. आज मी आलोच नाही असं समज. पण शुक्रवारपर्यंत कागद दे बाबा.” संध्याकाळी गाडी तिथेच ठेवून आम्ही चालत घरी आलो. बाबांनी वाटेत माझा हात धरला नाही, कोपर धरलं, आणि दार मी आत उघडणारं का केलं, बाहेर का नाही, यावर एकोणीसशे मीटर वाद घातला. दार आत उघडणारंच बरोबर आहे.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा भाऊ,
इग्नाझ

ता. क. सोमवारी उजेडात गाडी तपासली. बिघाड नव्हता. इंधनाचा नळ बंद होता, उजवीकडे पाव फेरा. तो आपोआप फिरत नाही, आत मी स्प्रिंग घातलीय, जोर लावावा लागतो. बाबांना विचारलं. ते म्हणाले, “मीठ.” आपण कुठे आहोत हे त्यांना कळतं की नाही, ते आता तूच ठरव.

ता. क. २. सोबत वाइनचं दुकान उघडायचा पंचायतीचा अर्ज आहे. तळघर आपल्या दोघांच्या नावावर असल्याने दोन सह्या लागतात. माझी केली आहे. आठ नोव्हेंबरपासून दहा दिवस, बाबांसह. टपालाला उशीर होईल असं वाटलं तर अर्ज घेऊन तूच ये, आणि येताना आईची पाव कापायची सुरी आण, जी तू नेलीस. बाबा म्हणतात, हर्मिना जाड कापते, पण तिच्यासमोर कुणी दुसऱ्यांदा मागायला धजत नाही.

ता. क. ३. तुझ्यापासून लपवायचं नाही म्हणून लिहितो. त्या लांब मानेच्या व्हिएन्नावाल्याने निघताना तळघर मागितलं, घाण्यासकट, रोख. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, ब्याण्णव हजार युरो. मी नाही म्हणालो. त्यातले शेहेचाळीस हजार तुझे होते.