निवेदितासाठी योग्य इमोजी

मंगळवार, ४ नोव्हेंबर
डोकं फिरलंय. बापूंच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, ऑपरेशनसाठी निवेदिता माहेरी दिघीला गेलीय. काल तिचा मेसेज आला : बाबा शुद्धीवर आले, फार घाबरले होते मी. ऑफिसच्या मीटिंगमधूनही मी 👍 पाठवला. ताबडतोब! तर बायको फोन उचलत नाही. म्हणे मला भावनाच नाहीत.
ठरलं. एआय मॉडेल बनवणार. तिचा मेसेज वाचून योग्य इमोजी ओळखेल आणि माझ्या वतीने आपणच पाठवेल. मग बोल म्हणावं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आई म्हणते, आगरदांड्याहून बोटीत बस, पलीकडे दिघीला उतर आणि तोंडाने बोल. मी म्हटलं, हा रिसर्च आहे. ती म्हणाली, रिसर्च राहू दे, चंदर नारळ पाडायला आलाय, तिकडे बघ. या घरात शिक्षणाला काडीची किंमत नाही.
डेटा म्हणून माझेच जुने मेसेज घेतले. भावना माझ्या दाखवायच्या, मग दुसऱ्याच्या कशाला?

शनिवार, ८ नोव्हेंबर
अचूकता सत्त्याण्णव टक्के!! तपासून पाहिलं.
'काकू गेल्या.' 👍
'भाची पहिली आली.' 👍
'तुझी आठवण येते.' 👍
ऑफिसातल्या सलिलला फोन केला. हसतच सुटला. म्हणाला, अरे, तू जन्मात दुसरा इमोजी वापरलायस का? ते बिचारं शिकणार काय? जळतो मेला. ब्लॉक केला.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळ
मॉडेल चालू केलं. आता तिला कळेल. उद्या बोटीने जाणारच.

सोमवार, १० नोव्हेंबर
बोट चुकली. चंदरने कोवळे नारळ पाडून ठेवले, त्याच्याशी वाडीत कडाक्याचं भांडण. फोन घरी चार्जिंगला.
आलो तर निवेदिताचा मेसेज : इथल्या शाळेत जागा निघालीय, घेतली तर मी इकडेच राहीन. चालेल तुला? खरं सांग.
मॉडेलने त्याच मिनिटाला उत्तर दिलं होतं. 👍
पानभर लिहिलं : अगं, ते मॉडेलने पाठवलं. मला नाही चालणार. घर खायला उठतंय. ये.

रात्री
आलं उत्तर.
👍
नुसता अंगठा! माणूस पोटतिडकीने एवढं लिहितो आणि त्यावर अंगठा? काय समजायचं यावरून एखाद्याने?